लीपफ्रॉग जिओ: मँगनीजच्या पातळ, घडीदार थरांवर कितपत चालतं?

नागपूर-भंडारा पट्ट्यातल्या मँगनीजच्या खाणींत छेदांचे, म्हणजे जमीन उभी कापल्यावर आत काय दिसेल त्या चित्रांचे, कागद वर्षानुवर्षं तेच राहतात. याचं कारण आळस नसतं. बोअरहोलांवरून वीस छेद हाताने काढायचे, ते एकमेकांना जोडून खनिजाचा आकार बनवायचा आणि मग एकविसावं बोअरहोल येऊन सांगणार की थर अपेक्षेपेक्षा बारा मीटर खाली आहे. म्हणजे सगळं पुन्हा काढायचं. तेवढा वेळ कुणाकडे नसतो, म्हणून नवं बोअरहोल जुन्या चित्रात कसंबसं बसवलं जातं. बोअरहोलांच्या माहितीवरून जमिनीखालचं त्रिमितीय मॉडेल बांधणाऱ्या लीपफ्रॉग जिओ या सॉफ्टवेअरचं खरं मोल इथे आहे. नवं बोअरहोल टाकलं की संपूर्ण मॉडेल स्वतःहून नव्याने उभं राहतं. आपला अंदाज चुकला हे मान्य करणं त्यामुळे स्वस्त होतं. हे परीक्षण त्याच अंगाने लिहिलं आहे आणि कसोटीला घेतलंय ते आपल्याकडचं अवघड प्रकरण: सौसर गट नावाच्या, या पट्ट्यातल्या जुन्या, दाबलेल्या-तापलेल्या खडकांतला मँगनीजचा थर.

मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग. या नावांभोवतीचं खनिज मुळात थर म्हणून साचलं, मग खडकांबरोबर तापलं, दाबलं गेलं आणि एकापेक्षा जास्त वेळा घड्यांत मुडपलं. त्यामुळे एकाच थराला एखादं बोअरहोल दोनदा छेदतं, शेजारचं एकदाच छेदतं, आणि तिसरं घडीच्या वळणाखालून कोरडं निघून जातं. सोन्याच्या किंवा तांब्याच्या ढगासारख्या पसरलेल्या साठ्यांवर हे सॉफ्टवेअर छान चालतं हे जगजाहीर आहे. आपला प्रश्न वेगळा आहे.

आधी ते काम कसं करतं ते पाहू. जुन्या पद्धतीत भूवैज्ञानिक दर छेदावर सीमारेषा आखतो आणि त्या रेषा त्रिकोणांनी एकमेकींना शिवतो. लीपफ्रॉग शिवत नाही. बोअरहोलमधल्या प्रत्येक बिंदूला ते एक संख्या देतं: खनिजाच्या आत धन, बाहेर ऋण, सीमेवर शून्य. या सर्व बिंदूंतून जाणारं एकच गणिती फल ते बसवतं आणि जिथे त्याची किंमत शून्य येते तिथे पृष्ठभाग काढतं. या गणिताला रेडियल बेसिस फंक्शन म्हणतात. हजारो बिंदूंवर ते झपाट्याने सोडवण्याची युक्ती न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मंडळींनी बसवली. त्याच घराण्यातलं गणित त्याआधी कवटीच्या हाडातली भगदाडं बुजवणाऱ्या कृत्रिम पट्ट्यांचा आकार ठरवायला वापरलं गेलं होतं. ही माहिती शोभेची नाही. चहूबाजूंनी हाड असलेल्या भगदाडावर गुळगुळीत पृष्ठभाग ताणणं हा या गणिताचा स्वभाव आहे. जिथे चहूबाजूंनी माहिती आहे तिथे उत्तर उत्तम येतं. जिथे एकाच बाजूला आहे तिथे पृष्ठभाग फुगत, पसरत जातो. हा स्वभाव लक्षात ठेवला तर पुढचे निम्मे घोटाळे टळतात. सॉफ्टवेअर बनवणारी सीक्वेंट ही कंपनी २०२१ पासून बेंटली सिस्टिम्सच्या मालकीची आहे.

टेबलं आत घेताना

बोअरहोलच्या माहितीसाठी किमान तीन टेबलं लागतात, सीएसव्ही स्वरूपात. कॉलर (बोअरहोलचं जमिनीवरचं तोंड) टेबलात बोअरहोलचा क्रमांक, पूर्व, उत्तर, उंची आणि एकूण खोली. सर्व्हे टेबलात क्रमांक, खोली, उतार आणि दिशा. तिसरं मध्यांतराचं, म्हणजे बोअरहोलच्या एकेका तुकड्याचं: क्रमांक, कुठपासून, कुठपर्यंत आणि खडकाचं नाव. रासायनिक पृथक्करणाचं चौथं टेबल असतंच. आत घेताना सॉफ्टवेअर चुका लाल खुणेने दाखवतं: एकमेकांवर चढलेली मध्यांतरं, कॉलर नसलेले क्रमांक, एकूण खोलीच्या खाली गेलेल्या नोंदी, 'पासून'पेक्षा लहान 'पर्यंत'. ही तपासणी फार चांगली आहे, आणि नुसती एवढ्यासाठीही चाचणी आवृत्ती चालवून पाहावी असं वाटतं. चुका त्याच खिडकीत दुरुस्त करता येतात, पण तसं करू नये. मूळ फायलीत दुरुस्त करून ती पुन्हा आत घ्यावी. नाहीतर सहा महिन्यांनी मूळ फाइल एक सांगते आणि मॉडेल दुसरं.

उताराच्या चिन्हाकडे लक्ष द्या. काही ठिकाणी खाली जाणाऱ्या बोअरहोलला वजा ६० लिहितात, काही ठिकाणी नुसतं ६०. आत घेताना 'वजा म्हणजे खाली' अशी खूण करायची सोय आहे. ती उलटी पडली तर बोअरहोलं आभाळात उभी राहतात आणि चूक लगेच दिसते. त्रास होतो तो दोन वेगवेगळ्या मोहिमांची टेबलं एकत्र केली आणि निम्म्या नोंदी एका पद्धतीच्या, निम्म्या दुसऱ्या पद्धतीच्या निघाल्या तर. दिशेतली चूक मात्र डोळ्यांना दिसतच नाही. ३०० मीटरचं, ६० अंशांत मारलेलं बोअरहोल आडवं १५० मीटर जातं. दिशेत ५ अंशांची चूक असेल तर त्याचा तळ १३ मीटर बाजूला सरकतो. दोन मीटरच्या थरासाठी १३ मीटर म्हणजे वेगळाच थर. खडकात मॅग्नेटाइट असेल तर चुंबकी उपकरणाच्या दिशेवर विसंबू नये, चुंबकावर न चालणाऱ्या जायरो उपकरणाने मोजून घ्यावं.

प्रयोगशाळेचे आकडे घेताना रिकामा रकाना, शून्य आणि '०.०१ पेक्षा कमी' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मँगनीजच्या बोअरहोलांत शिस्ट खडकाचा नमुना बहुधा घेतलाच जात नाही, तो रकाना रिकामा असतो. तो तसाच सोडला तर सॉफ्टवेअरच्या लेखी तिथे 'माहीत नाही', आणि बाजूच्या थराचे ४५ टक्के त्या शिस्टमध्ये बिनदिक्कत पसरतात. नमुना न घेतलेल्या शिस्टला कमी किंमत द्यायची, पण कोअर (ड्रिलने बाहेर काढलेला खडकाचा दंडगोल) हरवल्यामुळे रिकाम्या राहिलेल्या जागेला द्यायची नाही. हा फरक माणसालाच करावा लागतो.

कोअर हरवण्याचं एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. ४०.० ते ४३.० मीटरची ड्रिलची फेरी, हाती आला २.१ मीटर कोअर, म्हणजे रिकव्हरी ७० टक्के. पेटीत आधी १.२ मीटर शिस्टचे तुकडे, मग ०.९ मीटर काळं खनिज. हरवलेले ९० सेंटिमीटर कुणाचे? मऊ, भुसभुशीत पायरोलुसाइट (मँगनीजचं एक खनिज) पाण्याबरोबर वाहून गेलं असेल तर थर ४१.२ वर सुरू होतो आणि १.८ मीटर जाड आहे. शिस्ट भुगा होऊन गेला असेल तर तो ४२.१ वर सुरू होतो आणि जाडी ०.९ मीटर. जाडी थेट दुप्पट. लीपफ्रॉगला टेबलात जो आकडा दिसेल तोच खरा धरून ते पृष्ठभाग काढतं, शंका न घेता. म्हणून रिकव्हरीचा रकाना वेगळा आत घ्यावा आणि सीमाबिंदू तपासताना बोअरहोल रिकव्हरीच्या रंगात पाहावं. ६०-७० टक्क्यांखालच्या फेरीतला सीमाबिंदू हा अंदाज आहे, हे पडद्यावर दिसत राहिलं पाहिजे.

जमीन नेमकी कुठे आहे?

अक्षांश-रेखांश मोजण्याच्या पद्धती दोन: जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट पद्धतीच्या, आजचे जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ चे. नागपूरच्या पट्ट्यात या दोघांत जागा शंभर मीटरहून जास्त सरकते. शिवाय नागपूर-भंडारा यूटीएम या मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या पद्धतीच्या ४४ व्या पट्ट्यात येतं, कोकण आणि गोवा ४३ व्या पट्ट्यात, आणि यवतमाळ जिल्हा दोन्हींत विभागला जातो. पुष्कळ खाणींची स्वतःची फिरवलेली ग्रिड वेगळीच असते. हे सगळं क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये आधी एका पद्धतीत आणून मगच लीपफ्रॉगमध्ये घ्यावं. जुन्या नकाशांत खोल्या फुटांत असतात. ०.३०४८ ने गुणायचं राहून गेलं की खाण तिप्पट खोल होते.

यापेक्षा लबाड चूक उंचीची. २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर ५० हेक्टर किंवा जास्त क्षेत्राच्या, अथवा वर्षाला १० लाख टन किंवा जास्त उत्खननाची योजना असलेल्या खाणपट्ट्यांना दरवर्षी ड्रोन सर्वेक्षण द्यावं लागतं. त्यामुळे जमिनीचा सुंदर पृष्ठभाग आता सहज हाती असतो. पण ड्रोनची उंची अनेकदा लंबगोलापासून (जीपीएस वापरतं त्या पृथ्वीच्या गणिती आकारापासून) मोजलेली असते आणि कॉलरची समुद्रसपाटीपासून. भारतात हा फरक कित्येक ठिकाणी ५० मीटरहून जास्त आहे आणि लंबगोलावरची उंचीच कमी भरते, म्हणून सगळी कॉलरं जमिनीच्या वर तरंगताना दिसतात. अशा वेळी 'कॉलर जमिनीवर टेकवा' हा पर्याय मोहात पाडतो. एक खूण केली की चित्र छान दिसतं आणि चूक कायमची गाडली जाते, कारण भूमिगत गॅलऱ्यांचे नकाशे अजून समुद्रसपाटीच्याच उंचीवर असतात. आधी दहा-बारा कॉलरांच्या उंचीतला फरक काढा. तो सगळीकडे जवळपास सारखा आला तर उंचीची पद्धत चुकली आहे. दोन-तीन ठिकाणीच आला तर तिथे डंप किंवा खड्डा झाला आहे. टेकवायचा निर्णय त्यानंतर. ड्रोनचे लाखो बिंदूही जसेच्या तसे घेऊ नयेत. एक-दोन मीटरला एक बिंदू ठेवला तरी खाणीच्या कामाला पुरतो आणि मॉडेल हलकं राहतं.

थर उभा करताना

आता मुख्य काम. भूवैज्ञानिक मॉडेल सुरू केलं की सॉफ्टवेअर सीमेचा प्रकार विचारतं: साचलेला थर, झीज, घुसखोर खडक, व्हेन (खडकातली शिरेसारखी पातळ पट्टी). मँगनीज हा साचलेला थर आहे म्हणून सरळ पहिला प्रकार निवडावासा वाटतो. पातळ थरात तिथेच फसगत होते. त्या प्रकारात थराचा माथा आणि तळ हे दोन स्वतंत्र पृष्ठभाग असतात. बोअरहोलं लांब लांब असली की मधल्या भागात ते एकमेकांना छेदतात आणि थराला भोकं पडतात. व्हेनच्या प्रकारात वरची आणि खालची बाजू एकाच मधल्या संदर्भ-पृष्ठभागावरून बांधली जाते, त्यामुळे थर सलग राहतो. किमान जाडी ठरवता येते, थर कुठे निमुळता होऊन संपतो तेही सांगता येतं. भूविज्ञानाच्या व्याख्येत बसत नसलं तरी मँगनीजच्या थरासाठी व्हेनच वापरावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पृष्ठभागाची बारकाई म्हणजे त्रिकोणाचा आकार. मुळातला आकडा बहुधा थराच्या जाडीच्या कितीतरी पट मोठा असतो. तो निम्मा केला की त्रिकोण चौपट होतात, वेळ त्या प्रमाणात वाढतो. सुरुवातीला ढोबळ ठेवावा, आकार पटला की शेवटी बारीक करावा. बोअरहोलांजवळ बारीक आणि लांब जाड अशीही सोय आहे. ती सुरू ठेवावी.

घडीचा प्रश्न मात्र व्हेन टूल आपोआप सोडवत नाही. एका छेदावर तीन बोअरहोलं घ्या. पहिलं उत्तरेच्या बाहूला (घडीच्या एका बाजूला) ३० मीटरवर छेदतं. मधलं थराला दोनदा छेदतं, ५५ आणि ७० मीटरवर. तिसरं दक्षिणेच्या बाहूला ३५ मीटरवर. सगळ्या मध्यांतरांचं नाव टेबलात एकच, 'मँगनीज'. लीपफ्रॉगला संदर्भासाठी एकच पत्रा बसवायचा असतो. ते या चार मध्यांतरांमधून एक सरासरी, जवळजवळ आडवा पत्रा काढतं आणि थर त्याला चिकटवतं. परिणाम पाहायला इतका गुळगुळीत असतो की न कळणारा माणूस त्यावर सही करून मोकळा होईल.

उपाय हाताचा आहे. 'इंटरव्हल सिलेक्शन' या सोयीने प्रत्येक मध्यांतराला नवं नाव द्यायचं: उत्तर बाहू, दक्षिण बाहू. मूळ टेबल तसंच राहतं, नवा रकाना तयार होतो. मधल्या बोअरहोलमधलं ५५ चं मध्यांतर कोणत्या बाहूचं आणि ७० चं कोणत्या, हे कोअरमधल्या थराच्या कोनावरून आणि आजूबाजूच्या खडकांच्या क्रमावरून ठरतं. दोन्ही बाहूंच्या दोन व्हेन, त्यांना घडीच्या अक्षाच्या पृष्ठभागापाशी कापायचं आणि वळणाची जागा छेदावर हाताने रेषा काढून पक्की करायची. रेषा आखली म्हणजे आपण सॉफ्टवेअरला हरलो असं मुळीच नाही. ज्या ठिकाणी बोअरहोल पोचत नाही तिथे नकाशातलं ज्ञान आत आणण्याचा हाच मार्ग आहे.

जमिनीवर मोजलेल्या नतींचा, म्हणजे थरांच्या कलांचा, उपयोगही इथेच. सॉफ्टवेअर अशी प्रत्येक नोंद एका तबकडीने दाखवतं. पण आपल्याकडे फील्ड बुकात 'उ ६० पू, ७० आग्नेय' (थराची धाव उत्तरेकडून ६० अंश पूर्वेला, कल ७० अंश आग्नेयेला) असं लिहिलेलं असतं, आणि सॉफ्टवेअर नतीचा कोन व नतीची दिशा मागतं. वरच्या नोंदीची नतीची दिशा १५० अंश. रकान्यात ६० तसंच गेलं तर प्रत्येक तबकडी ९० अंश वळते आणि थर आडव्या दिशेला धावतो. उलटलेल्या बाहूवर तबकडीची वरची बाजू खाली आहे हेही सांगावं लागतं.

जाडीवरून एक हिशेब. थर ६० अंश कललेला, खरी जाडी २ मीटर. उभं बोअरहोल त्यातून ४ मीटर जातं. व्हेन टूल सीमेचे बिंदू अवकाशात जिथल्या तिथे घेतं, त्यामुळे थराचा कल बरोबर असेल तर जाडी आपोआप २ मीटर येते. कल चुकून आडवा घेतला गेला तर थर ४ मीटर जाड होतो. थरावरच लांबी २०० मीटर, उताराच्या दिशेने १०० मीटर आणि घनता ३.५ धरली तर खरा साठा १,४०,००० टन. चुकलेल्या कलात तो २,८०,००० टन भरतो. एकाही बोअरहोलशी विसंगत नसलेलं मॉडेल एवढं चुकू शकतं.

दर्जाचं मॉडेल

मँगनीजचे टक्के, लोह, फॉस्फरस, सिलिका यांची मॉडेलं याच गणिताने मिनिटांत होतात. झटपट होतात म्हणूनच जपायला हवं. थराच्या आत बांधून न घेता केलं तर श्रीमंत बोअरहोलभोवती लाल फुगे येतात आणि शेवटच्या बोअरहोलपलीकडे ते फुगत जातात. कवटीच्या भगदाडाची गोष्ट आठवा: पलीकडच्या बाजूला हाडच नाही. म्हणून थराची सीमा घालावी, स्फेरॉइडल प्रकार निवडावा, पल्ला बोअरहोलांतल्या अंतराच्या दुप्पट-अडीचपट ठेवून सुरुवात करावी आणि दिशेचा कल थराच्या पृष्ठभागावरून घ्यावा, म्हणजे मूल्यं घडीबरोबर वळतात. नमुने वेगवेगळ्या लांबीचे असतील तर आधी समान लांबीत आणावेत. १ मीटरला ४८ टक्के आणि अर्ध्या मीटरला २० टक्के, याची साधी सरासरी ३४ येते, लांबीनुसार ३८.७.

फेरोमँगनीजवाल्यांना मँगनीज-लोह गुणोत्तर हवं असतं. गुणोत्तराचं मॉडेल करू नये. दोन्ही घटकांची वेगळी मॉडेलं करून शेवटी ब्लॉकमध्ये भागाकार करावा. खनिज छोट्या ठोकळ्यांत विभागणाऱ्या या ब्लॉक मॉडेलमध्ये आणखी एक खाच आहे. खडकाचं नाव ब्लॉकच्या मध्यबिंदूवरून ठरतं. १० मीटरचे ब्लॉक आणि २ मीटरचा थर असेल तर कित्येक ब्लॉक थराला शिवूनही शिस्ट ठरतात. उपब्लॉकचा प्रकार घ्यावा, आणि ब्लॉकांची एकूण घनफळ-बेरीज थराच्या पृष्ठभागाच्या घनफळाशी ताडून पाहावी.

हे रंगीत फुगे म्हणजे अधिकृत साठ्याचा अंदाज नव्हे. साठ्याच्या अंदाजाला लागणाऱ्या व्हेरिओग्राम, क्रिगिंग या सांख्यिकी पद्धतींसाठी लीपफ्रॉगचा एज हा भाग वेगळा घ्यावा लागतो. खरेदीचं पत्र लिहिताना हे स्पष्ट विचारा, नाहीतर हातात मॉडेल येतं आणि साठ्याच्या अहवालाला दुसरं सॉफ्टवेअर लागतं.

दाखवण्याच्या बाबतीत मात्र याला तोड नाही. छेदाची जाडी कमी-जास्त करत बोअरहोलांमधून सरकता येतं. दृश्यं जतन करून मोफत व्ह्यूअरवर पाठवता येतात, त्यामुळे लायसन्स नसलेला खाण व्यवस्थापकही मॉडेल फिरवून पाहू शकतो. उभा ताण (उंची आडव्या मापाच्या किती पट ताणून दाखवायची ते) मात्र १ वर ठेवूनच दाखवावं. दुप्पट ताणात ३० अंशांचा थर ४९ अंशांचा दिसतो आणि बैठकीत उताराबद्दल भलतेच निष्कर्ष निघतात. या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून खाणकामाच्या हालचाली आहेत. मॉइल या सरकारी मँगनीज कंपनीची पूर्वज सिंडिकेट १८९६ ची. त्यामुळे जुन्या पोकळ्या मॉडेलमध्ये हव्यातच. कागदी नकाशे स्कॅन करून योग्य पातळीवर टेकवायचे आणि त्यावर गॅलऱ्या आखायच्या. हे किचकट काम आहे, पण नवं बोअरहोल पाण्याने भरलेल्या पोकळीत जाऊ नये यासाठी त्याची किंमत मोजावीच.

गोव्याच्या लोहखनिजाला हे सॉफ्टवेअर तुलनेने सोपं जातं. तिथले साठे जाड आहेत. काळजी एकच: वरचा जांभा हा थर नव्हे, तो सगळ्या खडकांना आडवा कापत जाणारा हवामानाचा परिणाम. त्याचं मॉडेल वेगळं करावं, खडकांचं वेगळं, आणि शेवटी दोन्ही एकत्र करावीत. एकाच क्रमात कोंबलं की भुकटी खनिजाच्या सीमा जांभ्याबरोबर वाकतात.

यंत्र, लायसन्स आणि पर्याय

फक्त विंडोजवर चालतं. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हवं, मेमरी ३२ जीबी असावी. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील तर विंडोजच्या सेटिंगमध्ये लीपफ्रॉगला मोठं कार्ड नेमून द्या, नाहीतर दृश्य अडखळतं आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. प्रोजेक्ट नेटवर्क ड्राइव्हवर किंवा आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. ती एक फाइल नसून हजारो तुकड्यांचं फोल्डर असतं, अर्धवट सिंकमध्ये ते बिघडतं. स्थानिक डिस्कवर काम, दुसऱ्याला देताना झिप. नव्या आवृत्तीत उघडलेला प्रोजेक्ट जुन्यात परत उघडत नाही, म्हणून सल्लागार आणि खाण यांनी आवृत्ती आधी ठरवून घ्यावी. लायसन्स ऑनलाइन खात्याशी जोडलेलं असतं. कॅम्पवर नेट नसेल तर किती दिवस चालेल, हे कोटेशन मागतानाच लेखी घ्या.

सुरपॅक किंवा डेटामाइन हे खाण-नियोजनाचं सॉफ्टवेअर आधीच असेल आणि काम उघड्या खाणीच्या रोजच्या नियोजनाचं असेल, तर लीपफ्रॉग त्याची जागा घेणार नाही. बेंच (खाणीच्या पायऱ्या), स्फोटाची आखणी, वाहतूक रस्ता हे त्याचं क्षेत्रच नाही. मायक्रोमाइन आणि व्हल्कनमध्येही अशा गणिताची सोय आता आहे, त्यामुळे ते असणाऱ्यांनी आधी तेच नीट वापरून पाहावं. विद्यार्थ्यांसाठी आणि लहान सल्लागारांसाठी पायथनमधलं जेम्पाय आहे: जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातून आलेलं, मोफत, घड्या आणि भ्रंश दोन्ही हाताळणारं. पण बोअरहोलांच्या टेबलांची साफसफाई ते करून देत नाही आणि प्रत्येक गोष्ट कोडमध्ये लिहावी लागते. पाहण्यापुरतं पॅराव्ह्यू, नकाशाला क्यूजीआयएस. सरावाची माहिती हवी असेल तर डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भूविज्ञान डेटा पोर्टलवर नोंदणी करून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे आणि अहवाल घेता येतात.

खरेदीचा निर्णय चाचणीच्या काळातच लागतो, पण विक्रेत्याच्या नमुना प्रोजेक्टवर नव्हे. आपल्याच खाणीची बोअरहोलं घ्या आणि त्यातली तीन बाजूला काढा: एक दाट भागातलं, एक कडेचं, एक घडीच्या वळणाजवळचं. उरलेल्यांवर मॉडेल बांधा आणि लपवलेल्या तिन्ही बोअरहोलांत थर कोणत्या खोलीला, किती जाड लागेल ते कागदावर लिहून ठेवा. मग ती एकेक करून आत घ्या. दाट भागात फरक थराच्या जाडीपेक्षा कमी यायला हवा. कडेच्या बोअरहोलात जास्त येईल, ते चालेल, फक्त किती येतो ते समजून घ्या. वळणाजवळचं बोअरहोल थराला दोनदा छेदायला हवं होतं आणि मॉडेलने एकदाच सांगितलं, तर बाहूंची नावं पुन्हा तपासा, रेषा बदला, पुन्हा चालवा. हा संपूर्ण फेरा सॉफ्टवेअर शिकलेल्या माणसाला किती तासांत जमतो ते घड्याळ लावून मोजा, आणि तो आकडा कोटेशनशेजारी लिहा.